फुंकर की रक्त? नाकाबंदीत आकडा वर गेल्यावर

वायनरीकडून गंगापूर रोडने शहरात शिरताना, आणि थर्टी फर्स्टला तर नाशिकभर, श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायला लावतात. मर्यादा बहुतेकांना पाठ आहे: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. आकडा त्यापुढे गेला की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचं, लागतं. प्रश्न पुढचा आहे. मशीनच्या चिठ्ठीवर सही करून कोर्टाची वाट धरायची, की रक्ततपासणीचा आग्रह धरायचा?

चिठ्ठीचा मार्ग सोपा, हे मान्यच. सुई नाही, दवाखाना नाही, गाडीत बायको-मुलं असतील तर त्यांची फरपट नाही. खरंच प्यायलेल्या माणसाला रक्ताचा उपयोगही नाही. उलट पोटातली दारू रक्तात उतरत असेल, तर थोड्या वेळाने आकडा वाढूही शकतो. फुंकायलाच नकार द्यायचा, हा तिसरा मार्ग मात्र कुणी सुचवला तरी ऐकू नका. नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि तो नकारच कलम २०५ खाली तुमच्याविरुद्ध वापरता येतो.

मी रक्त दिलं. जेवणानंतर द्राक्षासव हे आयुर्वेदिक औषध घेऊन लगेच निघालो होतो. आसव-अरिष्टांत आंबवण्यातूनच अल्कोहोल तयार होतं. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. असं काही घेतल्यावर साधारण पंधरा मिनिटं ते तोंडातच रेंगाळतं आणि मशीनला ते छातीतून आल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "साहेब, चूळ भरतो, पंधरा मिनिटं थांबू, परत फुंकतो." उत्तर आलं, "एकदा आला तो आला." मला खटकलं ते हेच. श्वास हवेत विरून जातो, मागे उरतो फक्त आकडा. तो चुकला असेल तर पुन्हा तपासायला काहीच शिल्लक नसतं. रक्ताची बाटली मात्र शिल्लक राहते.

त्याची किंमत आहे, ती लपवत नाही. रक्तासाठी कलम २०४ मध्ये रीतसर अटक गृहीत धरली आहे, म्हणजे पोलीस ठाणं, मग सिव्हिल हॉस्पिटल. पण गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हक्काने मागायचा, त्यासाठी गयावया नको. अटकेचं कारण विचारता येतं, घरी कळवता येतं, वकिलाशी बोलता येतं. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ कागदावर लिहिली आहे का, ते आधी बघा.

दवाखान्यात मी एकच विनंती केली: दंड स्पिरिटने पुसू नका, त्यातही अल्कोहोल असतं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि साधा ओला बोळा घेतला. बाटलीवर नाव आणि वेळ घातली, माझ्यासमोर लाखेचं सील केलं. अहवालाला बरेच दिवस लागले, पण आकडा ३० च्या कितीतरी खाली होता आणि वकिलांच्या हातात बोट ठेवायला कागद आला.

प्रत्येकाचं असंच होईल असं म्हणणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात मशीन आणि प्रयोगशाळा दोन्ही चालतात, त्यामुळे नुसत्या चिठ्ठीवर खटला उभा राहू शकतो. पण कलम १८५ जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. तिथे कबुली दिली की ती शिक्षा म्हणून नोंदली जाते, आणि पुन्हा कधी सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. न प्यायलेल्या माणसाने हे ओझं एका फुंकरीच्या भरवशावर का घ्यावं?

बाई चालक असेल आणि रक्त घेणारे डॉक्टर पुरुष असतील, तर तिथे दुसरी स्त्री हजर असायलाच हवी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.