ऑटिझमच्या नावावर विकलेला टॅब आणि कधीच न मागितलेलं कर्ज

मोफत ऑटिझम (स्वमग्नता) तपासणी शिबिर म्हणून कुणी बोलावलं आणि तिथे टॅबवर दहा मिनिटांत मुलाचा रिपोर्ट काढून दिला, तर ओटीपी सांगण्याआधी हे वाचा. आमचे 84,000 रुपये त्यात अडकले आहेत. माझ्यासारख्या आणखी कुणाचे अडकू नयेत म्हणून सगळं लिहिते आहे.

आम्ही अमळनेरचे. मुलगा पाच वर्षांचा, निदान आधीच झालेलं. स्पीच थेरपीसाठी जळगावला जावं लागतं. एसटीतली गर्दी, हॉर्न, कंडक्टरची शिट्टी याने तो कान दाबून खाली बसतो आणि तिथे पोचेपर्यंत इतका थकतो की निम्मा वेळ रडण्यात जातो. शिवाय त्या दिवसाची यांची मजुरी बुडते. ‘थेरपी आता घरी येईल’ हे वाक्य अशा घरात कसं ऐकलं जातं, ते विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. शिबिरही त्यांनी दिवाळीनंतर घेतलं, कापसाचे पैसे घरात आलेले असतात तेव्हा.

जळगावच्या एका मंगल कार्यालयात पांढरा कोट घातलेल्या माणसाने मुलासमोर टॅब धरला. कार्टून चालू, वर कॅमेरा. थोड्या वेळाने स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, ‘तीव्रता 71 टक्के’. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “ताई, सहा वर्षांनंतर मेंदू शिकत नाही. तुमच्या हातात एकच वर्ष आहे.” लवकर मदत मिळाली तर मुलांना फायदा होतो हे खरं आहे. पण सहाव्या वाढदिवसाला शिकणं थांबतं हे साफ खोटं आहे. आपल्याकडे मोजमापासाठी आयसा नावाची भारतीय पट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. मुलाचं निरीक्षण करून आणि आईवडिलांशी सविस्तर बोलून प्रशिक्षित माणूस ते भरतो. कार्टून बघणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरून टक्के काढण्याला तपासणी म्हणत नाहीत.

सगळ्यांचा विश्वास बसला तो पुढच्या स्लाइडमुळे. ‘अमेरिकेच्या एफडीएने गेम आणि एआय दोन्हींना मान्यता दिली आहे.’ एफडीए म्हणजे तिथली औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणारी सरकारी संस्था. घरी येऊन शोधलं तर बातम्या खऱ्याच सापडल्या, म्हणून शंका आली नाही. नीट कळलं ते फार नंतर. 2020 मध्ये मान्यता मिळालेला एंडेव्हरआरएक्स हा गेम एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांचं लक्ष टिकावं यासाठी आहे, आधी 8 ते 12 आणि 2023 पासून 8 ते 17 वर्षांच्या, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि इतर उपचारांच्या जोडीला. तो ऑटिझमसाठी नाहीच. 2021 मध्ये मान्यता मिळालेलं कॅनव्हास डीएक्स हे एआयचं साधन 18 ते 72 महिन्यांच्या मुलांमध्ये ऑटिझमचं निदान करायला डॉक्टरांना मदत करतं. उपचार ते करतच नाही आणि निदानही शेवटी डॉक्टरच ठरवतात. या दोन खऱ्या बातम्या एकत्र करून त्यांनी आपलं तिसरंच दुकान मांडलं होतं.

टॅबचे पैसे आत्ता द्यायचे नाहीत, महिन्याला फक्त 7,000, व्याज नाही, असं सांगितलं. यांचं आधार आणि पॅन घेतलं, “रजिस्ट्रेशनचा ओटीपी सांगा” म्हणाले. तो ओटीपी कर्जाचा होता. कधी नावही न ऐकलेल्या एका फायनान्स कंपनीने यांच्या नावावर कर्ज मंजूर करून रक्कम थेट विक्रेत्याला दिली. शिवाय बँक खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगीही त्याच झटक्यात घेतली. कर्ज हा शब्द त्या हॉलमध्ये एकदाही उच्चारला गेला नाही. पहिला हप्ता कापल्याचा मेसेज आला तेव्हा तो आम्हाला कळला.

टॅबमधल्या खेळात चार चित्रं यायची आणि गोड आवाज विचारायचा, “सफरचंद कुठे आहे?” बरोबर बोट लागलं की टाळ्या आणि ‘ग्रेट जॉब!’ आमच्या मुलाचे गुण भराभर वाढले. एकदा मी शेजारी बसून पाहिलं तर आवाज यायच्या आधीच त्याचं बोट उजव्या कोपऱ्यात टेकलेलं. चित्रांचा क्रम रोज तोच होता आणि त्याने तो पाठ केला होता. ताटात खरं सफरचंद ठेवून विचारलं, तर त्याने त्याकडे पाहिलंही नाही. मग तो ‘ग्रेट जॉब’ म्हणायला लागला. तहान लागली की ग्रेट जॉब, पडला की ग्रेट जॉब, रात्री झोपेतही तेच. ऐकलेलं तसंच्या तसं म्हणणं ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये असतं, आणि जाणकार थेरपिस्ट त्यातूनही बोलण्याची वाट काढतात. यांच्या रिपोर्टमध्ये मात्र ती ‘नव्या शब्दांची भर’ म्हणून मोजली गेली. सासूबाई एक दिवस म्हणाल्या, “हाऊ पोऱ्या त्या डबडासंगे बोलस, मन्हासंगे बोलत नही.” त्या घरात अहिराणी बोलतात. टॅबला अहिराणीचा गंधही नव्हता, त्याची मराठीसुद्धा भाषांतर करून बसवलेली वाटायची.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी शिंदखेड्याला गेले. टॅब अमळनेरला कपाटात बंद होता. तरी सोमवारी नेहमीप्रमाणे व्हॉट्सअॅपवर एआय प्रगती अहवाल आला, ‘या आठवड्यात नजरेला नजर देण्यात 14 टक्के सुधारणा’. टॅबला हातही लागला नव्हता! तेव्हा शिबिरात ओळख झालेल्या पारोळ्याच्या एका आईला मी तिचा अहवाल मागितला. तिची मुलगी नऊ वर्षांची आणि चांगली बोलते, अडचणी वेगळ्याच. तिच्याही अहवालात तीच वाक्यं, तेच 14 टक्के, आणि मुलीबद्दल सगळीकडे ‘तो’. एवढ्या विश्वासाने आम्ही ते कागद वाचत होतो, यांच्या मोठ्या भावाला फोन करून वाचून दाखवत होतो. त्या रात्री मी जेवू शकले नाही.

याहून वाईट पुढे होतं. ‘कोच’ म्हणून व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलीने आमच्या मुलाचे व्हिडिओ मागून घेतले होते. त्यातला ‘ग्रेट जॉब’ म्हणतानाचा तुकडा त्यांच्या जाहिरातीच्या रीलमध्ये दिसला, वर अक्षरं, ‘न बोलणारा मुलगा बोलू लागला’. माझं लेकरू, त्याचा चेहरा, त्याची ती नक्कल! मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची खात्रीशीर संमती हवी असं 2023 चा डेटा संरक्षण कायदा सांगतो. लेखी मागणी केल्यावर रील काढली गेली. बाकीचे व्हिडिओ कुठे आहेत, याचं उत्तर आलेलं नाही.

त्या कोचकडे आरसीआय नोंदणी क्रमांक मागितला, तर दुसऱ्या दिवशी कोचच बदलली. हा क्रमांक सगळ्यात आधी मागा. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्राची वेगळी परिषद आहे. खरा माणूस क्रमांक लगेच सांगतो. आणि ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा, कारण बरा करणारं औषध किंवा यंत्र आजघडीला कुणाकडेच नाही.

मोबाइल टाकून द्या असं मी म्हणत नाही. जळगावच्या थेरपिस्ट ताईंनीच आम्हाला आयआयटी मुंबईचं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अॅप दाखवलं. ते मोफत आहे आणि मराठीतही आहे. सुरुवातीला त्या ताई घरातल्या तांब्याचा, भाकरीचा, अंगणातल्या झोक्याचा फोटो काढायला लावतात, तो ओट्याजवळ चिकटवायला सांगतात, आणि मूल बोट ठेवेल त्याच क्षणी ती वस्तू त्याच्या हातात द्यायला. आता पाणी हवं असलं की तो सासूबाईंचा हात धरून तांब्याच्या फोटोवर नेतो. टॅबने यातलं काहीही शिकवलं नव्हतं. खर्चाचं म्हणाल, तर ऑटिझमचं अपंगत्व प्रमाणपत्र असलेल्यांना नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही समावेश आहे. त्या हॉलमध्ये हे कुणी सांगितलं नाही.

पैसे मागितल्यावर विक्रेता म्हणाला, सात दिवसांनंतर परतावा नाही. फायनान्स कंपनी म्हणाली, तुमचं भांडण विक्रेत्याशी, हप्ता चालूच राहील. हप्ता परस्पर थांबवला तर सिबिल खराब होतं, म्हणून आम्ही आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून कर्जाचा करार आणि खर्चाचा तपशील मागितला. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फी न भरता जाता येतं, तसं गेलो. करारात वाद बंगळुरूच्या कोर्टातच चालेल असं छापलेलं आहे, त्याला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

पारोळ्याच्या ताईने आणि मी जळगावच्या आयोगात वेगवेगळ्या तक्रारी दिल्या आहेत. तुमच्याकडे असे सोमवारचे अहवाल आले असतील तर डिलीट करू नका, तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. त्यांनी टॅब परत मागितला तर लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे जुनं प्रकरण असेल तर या आठवड्यातच कागद काढा.