मिठावर अठरा टक्के

माझ्या वॉशिंग सेंटरच्या मागच्या शेडात मिठाची सतरा पोती पडून आहेत. आषाढात ओल लागली आणि पोत्यांचे दगड झाले. सब्बल मारल्याशिवाय ढेकूळ निघत नाही. गिऱ्हाईक विचारतात, "भाऊ, एवढं मीठ कायले?" पहिल्यांदा मी विषय बदलायचो. आता सांगतो, कारण हे मीठ माझ्या गळ्यात मारणारा माणूस, किंवा त्याच्यासारखाच दुसरा, मूर्तिजापूरकडच्या एका वॉशिंगवाल्याकडेही येऊन गेल्याचं कळलं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. पिण्याचं पाणी शहानूर धरणाचं येतं, पण ट्रॅक्टर धुवायला ते कोण देणार? तिथे बोअरच. बोअरचं पाणी खारंही आणि जडही. शाम्पूला फेस येत नाही आणि काळ्या गाडीवर पाणी वाळलं की चुन्याची शिंतोडी मारल्यासारखे डाग पडतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं मशीन, बसवला. आत शंभर लिटर रेझिन, म्हणजे जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी, आणि हाताने व्हॉल्व्ह फिरवायचा. बसवणारा फिटर प्रामाणिक होता. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा मोकळं करायचं असतं, त्यासाठी त्याने साधं खडे मीठ वापरायला सांगितलं. किती घालायचं ते सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. मी फेस कमी झाला की घमेलंभर टाकायचो. माझी चूक तिथूनच सुरू होते.

दिवाळीनंतर, कापसाच्या गाड्या सुरू झाल्यावर, एका दुपारी तो आला. गळ्यात ओळखपत्र, हातात काळी पेटी, बोलणं गोड. एका गिऱ्हाइकाच्या काळ्या गाडीच्या काचेवरचे डाग त्याने बोटाने दाखवले आणि थेट म्हणाला, "दादा, तुमचं मशीन चांगलं आहे, मीठ चुकतंय."

पेटीतून त्याने टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, काढला. बोअरचं पाणी १८५०. सॉफ्टनरमधून आलेलं पाणीही जवळपास तेवढंच, उलट थोडं जास्तच. मग आपल्या बाटलीतलं पाणी दाखवलं, ते ९०. "हे आमच्या मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी." इथेच मी फसलो, म्हणून नीट सांगतो. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. रेझिन पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. क्षार निघून जात नाहीत, त्यांची जात बदलते. आणि टीडीएस मीटर सगळ्याच क्षारांची बेरीज दाखवतो, त्याला जात कळत नाही. त्या ९० च्या बाटलीत आरओचं पाणी होतं, दुसरं काही असू शकत नाही. जगातलं कुठलंही मीठ घाला, सॉफ्टनरमधून १८५० चं ९० होत नसतं.

मीटरनंतर दुसरा खेळ. दोन ग्लास, एकात आमचं पाणी, एकात त्याचं. दोन्हींत लोखंडी कांड्या सोडून वीज लावली. दोन मिनिटांत आमच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ फिरायला लागला, त्याचा ग्लास काचेसारखा. कामावरचा पोरगा डोळे फाडून पाहत होता. मीही. "हे सगळं तुमच्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसतंय, दादा."

पुढे आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर गाडी धुवायला आले तेव्हा मी हा प्रकार सांगितला. ते हसले. तो गाळ पाण्यातला नव्हता, कांडीचं लोखंड विरघळून तयार झालेला होता. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतात, म्हणून तिथे काही घडत नाही. सर म्हणाले, "त्याच्याच मिठाची चिमूट त्याच्याच स्वच्छ ग्लासात टाकायची होती. तोही तसाच झाला असता." एक चिमूट. मी तेव्हा तीस पोत्यांचे पैसे मोजत होतो.

भाव होता पन्नास किलोच्या पोत्याला १,४५० रुपये. "इम्पोर्टेड सॉफ्टनर ग्रेड", पांढरं चकचकीत पोतं, त्यावर निळा थेंब. तीस पोती एकदम घेतली तरच हा भाव, नाही तर १,८००. बिल ४३,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी ७,८३०, एकूण ५१,३३०. पैसे मोबाईलवरून त्याच्या स्वतःच्या खात्यात. कंपनीच्या खात्याला "आज सर्व्हर डाऊन" होता. घरी बायको बिल पाहून म्हणाली, "मीठ आनलं का सोनं आनलं?" मी तिला टीडीएस समजावून सांगितला.

त्याने वापरायची रीतही सांगितली होती. रोज सकाळी अर्धं पोतं टाकीत, दहा मिनिटांत ओढून टाका, झालं. पहिले आठ दिवस फेस खरंच चांगला आला. हे लपवत नाही, कारण फसवणूक पचते ती अशानेच. घमेल्याच्या अंदाजाने चालणाऱ्या सॉफ्टनरला रोज पंचवीस किलो मीठ दिलं तर फेस येणारच. मला वाटलं, मीठ भारी आहे. भारी काही नव्हतं, ढीग मोठा होता.

काचेवरचे डाग मात्र गेले नाहीत. त्याला फोन केला तर म्हणाला, रेझिनला सवय व्हायला महिना लागतो.

तेराव्या पोत्यावर मिठाचं पाणी ओढणंच बंद झालं. फिटरला बोलावलं. त्याने इंजेक्टर, म्हणजे मिठाचं पाणी ओढणारा भाग, खोलला तर आत काळा चिखल. मिठाची टाकी उपसली, तर तळाला चार बोटं गाळ, वाळू आणि पोत्याच्या सुतळ्या. फिटरने उरलेल्या पोत्यातलं मूठभर मीठ काचेच्या ग्लासात आरओच्या पाण्यात विरघळवलं आणि तसंच ठेवून आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तर ग्लासाच्या बुडाला मातीचा थर. हे साधं कच्चं मीठ होतं, नव्या पोत्यात भरलेलं. वर ओलं. किराणा दुकानाच्या काट्यावर चार पोती चढवली, एकही पन्नास भरलं नाही, ४४ ते ४६ च्या मध्ये. त्या वजनात पाणी किती ते वेगळंच.

मग फिटरने हार्डनेस किट काढलं. थेंब टाकून मोजायचं, पाणी लालसर जांभळ्याचं निळं झालं की थांबायचं. त्याच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम जडपणा. लिटरभर आरओचं पाणी पहिल्याच थेंबाला निळं झालं. त्यात चमचाभर हे मीठ टाकल्यावर बारा थेंब लागले. म्हणजे ज्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला रेझिनमधून हाकलायचं, तेच मीठ म्हणून मी रेझिनला खाऊ घालत होतो. आमच्या बोअरचा जडपणा त्याच दिवशी पहिल्यांदा मोजला, ७००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तीन वर्षं सॉफ्टनर चालवला, पण हा आकडा मला माहीत नव्हता. तो माहीत असता तर अर्ध्या पोत्याचा हिशोब मी दारातच खोडला असता.

हिशोब असा आहे. लिटरभर रेझिनला साधारण शंभर ग्रॅम मीठ दिलं तर ते पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास जडपणा धरतं. अडीचशे ग्रॅम दिलं तर अडीचपट धरत नाही, दीडपटच धरतं, सत्तरच्या आत. बाकीचं मीठ नालीत. माझ्या शंभर लिटर रेझिनला दहा किलो म्हणजे साडेचार किलो जडपणा. ७०० च्या पाण्यात ते सहा हजार चारशे लिटर होतात. आमचं पाणी मुळात खारं, त्यात सोडियम आधीच जास्त, त्यामुळे रेझिन थोडं कमी काम करतं. म्हणून मी पाच हजार लिटर धरतो. माझा रोजचा वापर साडेतीन हजार लिटर. म्हणजे दहा किलो दीड दिवस पुरायला हवं होतं. मी रोज पंचवीस टाकत होतो.

नालीतलं मीठ कुठे गेलं, तेही मला सांगितलं गेलं. शेजारचे काका एका सकाळी धुऱ्यावर उभे राहून ओरडले, "काऊन बापू, तुह्या पाण्यानं माह्या धुऱ्यावरचं गवत सारं जयलं ना!" गेलो तर खरंच, पट्टाच्या पट्टा पिवळा. काळ्या मातीत सोडियम साचला की ती पाणी मुरू देत नाही, वर पापुद्रा धरते. आमच्याकडे ती आधीच तशी आहे, वरून मी मिठाची भर घालत होतो. काकांची माफी मागितली. आता मिठाचं पाणी आधी सिमेंटच्या खड्ड्यात जातं, शेताकडे नाही.

जीएसटीचं मात्र योगायोगाने कळलं. भावाचं कृषी केंद्र आहे, त्याचे कागद करणाऱ्या पोराला मी बिल दाखवलं. त्याने आधी जीएसटी नंबर शोधला. तो पंधरा अक्षरांचा असतो, बिलावर नव्हताच. मग तो हसायला लागला. "भाऊ, मिठावर जीएसटी नसते. कोणत्याच मिठावर नाई. शून्य!" म्हणजे ७,८३० रुपये तर निव्वळ हवेचे.

ते ऐकून मला दहीहंडा आठवलं. अकोला जिल्ह्यातलं, याच खाऱ्या पट्ट्यातलं गाव. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात विदर्भाला समुद्र नाही म्हणून लोकांनी तिथल्या खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून मीठ केलं आणि इंग्रजांचा कायदा मोडला. आणि त्याच पट्ट्यात राहून मी खाऱ्या पाण्यासाठी मीठ विकत घेतलं, न मागितलेल्या करासकट! सरांना हे सांगितलं तर म्हणाले, आता तुमचाही पुतळा उभारू.

तक्रार केली. त्याचा फोन तोवर बंद झाला होता. बिलावरच्या पत्त्यावर मित्राला पाठवलं तर तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान, त्यांना काहीच माहीत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली. स्वतः राबून पोट भरायचा धंदा असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण ग्राहक ठरतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे त्यातून कळलं. पण समोरचा सापडला पाहिजे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, खात्याचा नंबर जोडून. अजून काही आलेलं नाही.

आता काय करतो, तेही सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत. मीठ धुतलेलं, कोरडं, दाणेदार घेतो, एका वेळी दोन पोती. प्रत्येक पोत्यातलं मूठभर ग्लासात विरघळवून पाहतो आणि पोतं काट्यावर चढवतो. पहिल्यांदा दुकानदार वैतागला, आता तोच काटा पुढे सरकवतो. बारीक घरगुती मीठ घेत नाही. ते टाकीत गच्च बसतं, आणि महागही पडतं. मिठाच्या टाकीवर अठ्ठावीस लिटरला ऑइलपेंटने रेघ मारली आहे. लिटरभर पाण्यात साडेतीनशेच्या थोडं वर ग्रॅम मीठ विरघळतं, त्याहून जास्त नाही, म्हणून अठ्ठावीस लिटर म्हणजे दहा किलो. वर कितीही ढीग असो, जाणार तेवढंच. रात्री पाणी भरून ठेवतो, सकाळी आधी बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून रेझिन धुणं, मग मीठ अर्धा तास हळूहळू ओढू देतो. दहा मिनिटांत ओढलं तर रेझिनला ते भेटतच नाही, नुसतं शेजारून निघून जातं.

सगळ्यात जास्त मीठ वाचलं ते एका साध्या टी-जॉइंटने, म्हणजे सॉफ्टनरच्या आधीच पाइपला काढलेल्या फाट्याने. ट्रॅक्टरचा, ट्रॉलीचा, गाडीच्या खालचा काळ्या मातीचा चिखल आता थेट बोअरच्या पाण्याने निघतो. सॉफ्टनरचं पाणी फक्त शाम्पूला आणि शेवटच्या धुण्याला. रोज दीड हजार लिटरच्या आत बसतं, दहा किलो तीन दिवस पुरतं. कधी फेस कमी वाटला तर आधी किटने मोजतो, मग मिठाच्या टाकीकडे जातो.

डाग? ते राहतात, कमी झाले एवढंच. खारं पाणी आहे. सॉफ्टनरनंतरचा डाग ओल्या फडक्याने निघतो, आधीचा घासून निघत नव्हता, हा फरक. म्हणून शेवटचं पाणी शेडच्या सावलीत मारतो आणि वाळायच्या आत पुसून घेतो. लग्नाच्या गाड्यांसाठी वीस लिटर आरओचं पाणी वेगळं ठेवतो, त्याचे पन्नास रुपये जास्त लावतो. गिऱ्हाईक देतात.

त्या सतरा पोत्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. फिटर म्हणतो फेकू नका, शेतात तर मुळीच नको. पोती ढिगारा करून झाकून ठेवली आहेत. बिल गल्ल्याच्या काचेखाली आहे, ज्याला पाहायचं त्याने यावं आणि पोत्यावरचा निळा थेंबही ओळखून ठेवावा. पुढच्या वेळी पोत्यावर दुसरंच चित्र असेल, पण पेटीत तेच दोन ग्लास निघतील.