मुक्काम फोर्ट कोचीतच करा

कोचीची सहल आखताना बहुतेक जण हॉटेल एर्नाकुलममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य भूमीवरच्या नव्या भागात घेतात. स्टेशन जवळ, खोल्या ऐसपैस, खरेदीही तिथेच. माझं स्पष्ट मत आहे, तसं करू नका. एर्नाकुलमला तासा-दोन तासांसाठी जाऊन या, राहायला पाण्यापलीकडची जुनी वस्ती, फोर्ट कोचीच हवं.

आम्ही रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसने गेलो. मी, हे आणि सासूबाई. प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एका होमस्टेत उतरलो. जुनं घर, जाड भिंती, उंच छत, पायाला गार लागणारी लाल फरशी. नाश्त्यासह खोलीचे दिवसाला 2200 रुपये. सकाळी कधी पुट्टू (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला प्रकार) आणि काळ्या हरभऱ्यांची कडला करी, कधी अप्पम-स्ट्यू. सासूबाई मासे-अंडी खात नाहीत हे कळल्यावर घरमालकीणबाईंनी त्यांच्या स्ट्यूसाठी वेगळं पातेलं काढलं, तेही आम्ही न सांगता. तक्रार डासांची. दिवेलागणीला खिडक्या लावून घ्याव्याच लागतात, आणि गल्लीतल्या गटाराचा वासही अधूनमधून येतो.

इथे राहण्याचा खरा फायदा सकाळी कळतो. बाहेरगावच्या बसेस यायच्या आत मासे धरायच्या चिनी जाळ्यांपाशी जा. सागवानी खांब, बांबू, आणि मागे दोरांना टांगलेले मोठाले दगड. चार-पाच जण मिळून दोर ओढतात, एकेक दगड खाली येत जातो आणि समोरचं जाळं पाण्यातून वर उठतं. आम्ही पाहिलं तेव्हा आत मूठभर मासळी, एक खेकडा आणि बरीचशी जलपर्णी होती. पोहायच्या इराद्याने मात्र जाऊ नका, गणपतीपुळ्यासारखा स्वच्छ किनारा इथे नाही.

सेंट फ्रान्सिस चर्च अर्ध्या तासात होतं. वास्को द गामा 1524 साली कोचीतच वारला आणि आधी इथेच पुरला गेला. नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण जागा अजून दाखवतात.

शेजारच्या मट्टनचेरीला भरपूर वेळ ठेवा, आणि वार बघून जा. राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद आणि शुक्रवारीही भरवशाचं नाही. राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, पुढे डचांनी डागडुजी केली. बाहेरून साधा वाटतो, पण राजाच्या शेजघरातली रामायणाची भित्तिचित्रं बघताना सासूबाई एकेक प्रसंग ओळखत भिंतीभिंतीने फिरल्या. सिनेगॉग 1568 चं, जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. चपला बाहेर काढून त्यावर चालायचं. रिक्षावाला वाटेत "फक्त पाच मिनिटं" म्हणून शोरूमला नेऊ लागला, तर तिथेच नाही म्हणा. मिरी-वेलची घ्यायची तर बाजार रोडला जुन्या वखारींकडे चालत जा.

आणि चेरलाईचं तिरुमल देवस्थान चुकवू नका. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच सुरू झाल्यावर जी गौड सारस्वत घराणी इकडे आली, त्यांचं हे देऊळ. पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं. बाहेर फुलं विकणाऱ्या आजी आपसात कोंकणीत बोलत होत्या. सासूबाई मालवणच्या, त्या सरळ मालवणीत सुरू झाल्या! निम्मं कळत होतं, निम्मं हातवाऱ्यांवर, पण गप्पा चांगल्या रंगल्या.

जेवणात करिमीन पोळ्ळिचदु, म्हणजे मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला मासा. तो मला आवडला, पण कुडमपुळी घातलेल्या माशाच्या कालवणाला माझे जास्त गुण. कुडमपुळी ही आपल्या कोकमाचीच भावकी, म्हणून तो आंबटपणा जिभेला लगेच पटतो.

रात्रीचं म्हणाल तर फोर्ट कोची लवकर निजतं. इथली संध्याकाळ कथकलीची. केरळ कथकली सेंटरमध्ये खेळ सहाला असतो, पण तासभर आधी जा आणि रंगभूषा बघा. नट समोर बसून हिरवा रंग चढवतो, मग दुसरा माणूस त्याला चटईवर आडवं करून हनुवटीभोवती कागदाची पांढरी कड चिकटवतो. शेवटी डोळ्यांत एक बारीक बी घालतात, त्याने बुबुळांभोवतीचा पांढरा भाग लाल होतो. पुढे मंचावर तेच लाल डोळे नुसत्या हालचालीने राग, भीती, लाज दाखवतात. पहिल्या रांगेत बसा, मागून हे दिसत नाही.

तरुण मंडळींना संगीत, बार, गर्दी हवी असेल तर एर्नाकुलम. 2023 ला सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या गार, विजेवरच्या बोटीने जा, पण शेवटची फेरी आधीच विचारून घ्या. ती चुकली तर रिक्षाने तोप्पुमपडीवरून मोठा वळसा पडतो.

फोर्ट कोची जागं राहतं ते 31 डिसेंबरला. कार्निव्हलमध्ये मध्यरात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा मोठा पुतळा जाळतात, गर्दी अफाट असते आणि रस्ते बंद होतात. त्या दिवसांत जायचं तर खोली बरीच आधी घ्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा.