ग्लासातला खिळा खरा, गाडीवरचा डबा खोटा

गाडीच्या बॅटरीला जोडायचा, हिरवा दिवा लुकलुकणारा छोटा डबा दाखवून कोणी 'याने गाडीला गंज लागत नाही' म्हणत असेल, तर खिशात हात घालायच्या आधी हे वाचा. मी तो घेतला आणि काही वर्षं निर्धास्त राहिलो. ब्रेकचं पेडल पायाखाली तळाला गेलं तेव्हा डोळे उघडले. पैसे बुडाले ते बुडाले. संताप याचा आहे की मला विकताना जो प्रयोग करून दाखवला, तो शंभर टक्के खरा होता. हातचलाखी असती तर निदान संशय तरी आला असता.

गाडी ताब्यात घेण्याआधी जादा सामानाच्या काउंटरवर नेलं. तिथे काचेचे दोन ग्लास, दोन्हींत मिठाचं पाणी आणि एकेक लोखंडी खिळा. एकातलं पाणी तांबूस गढूळ, खिळ्यावर तपकिरी साका. दुसऱ्यातला खिळा लख्ख. त्याला काळी वायर, आणि वायरचं दुसरं टोक त्या डब्यात. "सर, यात जादू काही नाही, केमिस्ट्री आहे," विक्रेता म्हणाला. "लोखंड इलेक्ट्रॉन गमावतं म्हणून गंजतं. आपला डबा ते परत पुरवतो. जहाजांना, तेलाच्या पाइपलाइनींना हेच तंत्र वापरतात." लख्ख खिळ्याच्या ग्लासात तळाशी एक करडा, खडबडीत तुकडा पडलेला होता आणि त्याला लाल वायर होती. तो कशाला, असं विचारलं. "तो सेन्सर आहे, सर."

सगळी लबाडी त्या एका उत्तरात होती. ती कळायला गंज मुळात कसा चढतो ते थोडं बघावं लागेल.

लोखंड गंजतं तेव्हा एकाच पत्र्यावर दोन जागी दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात विरघळतो. ही जागा ॲनोड, आणि धातू झिजतो तो इथेच. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यातला ऑक्सिजन ते उचलतो. ती जागा कॅथोड, तिथे धातूला धक्का लागत नाही. पण एवढ्याने मंडल पुरं होत नाही. धातूतून इलेक्ट्रॉन जातात तसे पाण्यातून आयन, म्हणजे वीजभार असलेले कण, सरकले पाहिजेत. खारट पाण्यात ते सहज सरकतात, म्हणून समुद्राकाठच्या आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्या आधी सडतात. ॲनोड, कॅथोड, त्यांना जोडणारा धातू आणि दोघांवर पसरलेलं पाणी, या चारांतलं एक जरी काढलं तरी गंज थांबतो. 'अलार्म' या ब्रिटिश युद्धनौकेच्या लाकडी तळाला 1761 मध्ये तांब्याचे पत्रे ठोकले होते. थोड्याच वर्षांत पाहणी केली तर पत्रे धरणारे लोखंडी खिळे बऱ्याच जागी खाऊन गेले होते. मात्र पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद जिथे खिळा आणि तांबं यांच्यामध्ये चुकून राहिला होता, तिथले खिळे शाबूत. कागदाने दोन धातूंचा संबंधच तोडला होता.

आता ग्लासातला खिळा. बाहेरून वीज देऊन तो अख्खा खिळाच कॅथोड करून टाकला होता आणि ॲनोड होण्याचं काम त्या करड्या तुकड्यावर ढकललं होतं. प्रवाह बॅटरीतून तुकड्यात, तुकड्यातून पाण्यात, पाण्यातून खिळ्यात आणि खिळ्यातून परत बॅटरीत. म्हणजे तो तुकडा सेन्सर नव्हता, अर्धा प्रयोग त्याच्यावर उभा होता. यालाच कॅथोडिक संरक्षण म्हणतात आणि ते खरोखर काम करतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्येच लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून जहाजांच्या तांब्याचं विरघळणं थांबवलं होतं. (इतकं छान थांबवलं की तांब्याचा विषारी अंश पाण्यात उतरेना, मग शेवाळ आणि शिंपले तळाला बिनधास्त चिकटले आणि जहाजं मंदावली. एका धातूचं भलं करताना दुसरीकडे काय होईल ते बघावं लागतं, हे तेव्हापासूनचं दुखणं.) पाइपलाइनीचंही विक्रेता खोटं बोलला नाही. पण तिथे ॲनोड ओल्या मातीत पुरलेले असतात, पाइपही त्याच मातीत असतो, आणि पाइपाचं विभव (विजेची पातळी) तुलनेसाठी वापरायच्या तांबं-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडपेक्षा उणे 0.85 व्होल्ट किंवा त्याहून खाली आहे का, हे माणसं जाऊन मोजतात. माझ्या गाडीवर कोणी कधी काय मोजलं?

आणि गाडी काय पाण्यात बुडालेली असते? तिच्याभोवती हवा असते आणि हवेतून हा प्रवाह जात नाही. पाऊस पडला तरी इथे एक थेंब, तिथे ओला चिखल, दाराच्या तळाच्या सांध्यात साठलेलं पाणी. यांचा एकमेकांशी संबंध नसतो. प्रत्येक थेंब स्वतःचा वेगळा संसार मांडून बसतो आणि लांबचा कुठलाही ॲनोड त्या थेंबातल्या लोखंडाला वाचवायला पोचू शकत नाही.

हे घरच्या टेबलावर दिसतं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा थेंबाचा प्रयोग मी फसल्यानंतर करून पाहिला. लोखंडी पत्रा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केला. मिठाच्या पाण्यात थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन घातलं आणि पत्र्यावर एकच टपोरा थेंब टाकला. आधी निळे आणि गुलाबी ठिपके कुठेही उमटले. मग हळूहळू रंगांनी आपापली जागा धरली, मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी. निळा म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन पाणी अल्कधर्मी करतोय. दोन्हींच्या मध्ये नंतर तपकिरी कडं धरलं, तो गंज. थेंबाच्या कडेला हवा लगेच पोचते, मध्यभागी कमी पोचते, आणि जिथे हवा कमी तिथेच धातू खाल्ला जातो. म्हणून गाडी उघड्या पत्र्यावर जितकी सडते त्याहून जास्त क्लिपखाली, चिकटलेल्या चिखलाखाली आणि दुमडलेल्या सांध्यात सडते. तपकिरी डाग दिसतो तिथे खड्डा असेलच असं नाही, खड्डा बहुधा शेजारी झाकलेला असतो.

माझा ब्रेक पाइप नेमका तसाच गेला. गाडी रॅम्पवर चढवली, मेकॅनिकने टॉर्च मारली आणि म्हणाला, "साहेब, वरून नवरीसारखी आहे, खालून हात लावून बघा." पाइप बॉडीला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप त्याने पक्कडीने काढली. तिच्याआधी आणि तिच्यानंतर पाइपावरचा लेप जवळजवळ धड होता. क्लिपच्या खाली मात्र बोटभर जागेत पापुद्रे सुटलेले, त्यात ओली काळपट माती, आणि मातीखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक. ब्रेक ऑइल तिथूनच पाझरत होतं. पेडल दाबलं की दाब येतो तो या भोकावर. ब्रेकचे दोन मार्ग वेगवेगळे असतात, एक गेला तरी दुसरा अर्धीमुर्धी गाडी थांबवतो, म्हणून निभावलं.

किती लोखंड गेलं असेल? असा पाइप साधारण 4.75 मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची भिंत 0.7 मिलिमीटरची असते. एक चौरस मिलिमीटरचं आरपार भोक पडायला जेमतेम साडेपाच मिलिग्रॅम लोखंड विरघळावं लागतं. एक मायक्रोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाचा, गंजप्रवाह वर्षभर एकाच जागी चालू राहिला तर सुमारे 9 मिलिग्रॅम लोखंड जातं. म्हणजे मायक्रोअँपिअरचा हिशेबही पुरेसा आहे, पण तो एका ठिकाणी एकवटला पाहिजे. एकवटतो, कारण ॲनोड क्लिपखाली इवलासा आणि भोवतीचा कॅथोड मोठा. सगळीकडे खर्च होणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं बिल त्या एका बिंदूच्या नावावर फाटतं. पुढे जिथे भार येतो तिथे असा खड्डा तडा सुरू करतो. 15 डिसेंबर 1967 ला अमेरिकेतला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून 46 माणसं गेली, तेव्हा मूळ टोकाला भोक असलेल्या एका सळईत (आयबार) सापडलं, आणि तिथला तडा तुटण्याआधी फक्त 0.1 इंच खोल होता. गंज आणि ताण यांनी मिळून तो वाढवला होता. वरचा रंग आणि हिरवा दिवा यांच्या जोरावर असला तडा कोणाला दिसणार आहे?

आता डब्याकडे वळू. त्याची लाल वायर एका चपट्या पॅडला जाते आणि पॅड चिकट टेपने रंगवलेल्या बॉडीवर चिकटवतात. माहितीपत्रकात याला 'कपॅसिटिव्ह कपलिंग' म्हटलं होतं. ऐकायला भारदस्त आहे, पण कपॅसिटरमधून, म्हणजे मध्ये वीज न वाहणारा थर असलेल्या दोन धातूंच्या जोडीतून, स्थिर एकदिश प्रवाह जातच नाही, आणि कॅथोडिक संरक्षणाला लागतो तो एकदिश प्रवाहच. पॅडच्या वायरमध्ये मल्टिमीटर लावून मायक्रोअँपिअरवर पाहिलं, काटा हलला नाही. मग पॅड काढून हातात धरला. दिवा चालूच. म्हणजे तो दिवा बॅटरी जोडलेली आहे एवढंच सांगतो. आणखी एक साधी गोष्ट, जी विकत घेताना सुचायला हवी होती ती सुचली नाही. बहुतेक गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक आधीच बॉडीला जोडलेलं असतं. नुसत्या वायरीने इलेक्ट्रॉन पुरवून भागत असतं, तर आजवर एकही गाडी गंजली नसती.

हमीपत्र वाचलं तर पत्ता लागायचा, पण कोण वाचतं? त्यात हमी फक्त रंगवलेल्या पत्र्याला आतून बाहेरपर्यंत आरपार भोक पडल्यास. वरचा गंज, दगड लागून उडालेला रंग, ब्रेक पाइप, सस्पेन्शन, सायलेन्सर सगळं वगळलेलं. त्यात दर वर्षी त्यांच्याच माणसाकडून तपासणी केल्याची नोंद हवी. हमीच्या मुदतीत कोणत्याही डब्याशिवायही पत्र्याला सहसा आरपार भोक पडत नाही, कारण हल्ली कारखान्यातच पत्र्याला जस्ताचा थर देतात. म्हणजे डबा करत नसलेल्या कामाचं श्रेय जस्ताला जायला हवं, ते डबा खिशात घालतो. जस्त काम करतं कारण ते आणि लोखंड एकाच थेंबाखाली असतात. ओरखडा काही मिलिमीटरचा असेल तर जस्त आधी विरघळतं आणि लोखंड वाचतं.

पैसे खर्चच करायचे असतील तर पोकळ भागांत मेण फवारून घ्या, दाराखालची पाणी निचरा होण्याची भोकं सुईने मोकळी ठेवा, आणि खालचा चिखल दाबाच्या पाण्याने धुवा. गाडी खालून धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय जाड काळं अंडरकोट मारू देऊ नका. ओल आत कोंडली तर क्लिपखाली झालं तेच सगळीकडे होईल. पाइप बदलताना मी तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप घेतला आणि क्लिपमध्ये रबर घातलं. त्यावर मेकॅनिक हसला, पण रबर बसवून दिलं.

त्या विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारले. प्रवाह नेमका कुठून कुठे जातो आणि किती? उत्तर मिळालं नाही, दोन पॅडचं नवं मॉडेल दाखवलं. मी एकटा नाही असं नंतर कळलं. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1990 च्या दशकात गाडीचा गंज थांबवण्याचा दावा करणाऱ्या अशाच एका इलेक्ट्रॉनिक उपकरणावर कारवाई केली होती. तक्रार करायची असेल तर 'गाडी गंजली' असं लिहू नका. ते हमीपत्राचं कलम दाखवून मोकळे होतात, माझी पहिली तक्रार तशीच परत आली. 'पॅडकडे जाणारा एकदिश प्रवाह शून्य, पॅड काढल्यावरही दिवा चालू' असं लिहून मल्टिमीटरचा फोटो जोडला, तेव्हा त्यांनी डबा 'तपासणीसाठी' परत मागितला. तुमच्याकडेही मागतील. डब्याच्या क्रमांकाचा फोटो आणि लेखी पोच हातात येईपर्यंत तो त्यांच्याकडे देऊ नका.