नौपाड्यातील रविवारची श्रवणबैठक: घरी केलेले मिक्स दाखवायला जावे का?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरातील दहा बाय दहाच्या खोलीत मी बहिणीच्या आवाजात एक भावगीत रेकॉर्ड केले आणि पुढचे तीन महिने दोन लहान स्पीकरांवर त्याचे मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्यांच्या पातळ्यांचा मेळ, करत बसलो. घरच्यांना विचारावे, तर 'छानच झालंय' यापलीकडे उत्तर मिळत नव्हते. म्हणून नौपाड्यातील या छोट्या स्टुडिओच्या रविवारच्या बैठकीत नाव नोंदवले. चार जण, प्रत्येकाचे एक गाणे, दोन तास आणि माणशी आठशे रुपये, असा तिचा हिशेब आहे.

गाणे लावण्याआधी, तुम्हाला स्वतःला त्यात कुठे खटकते आहे, एवढेच विचारले जाते. पहिल्यांदा गाणे वाजताना कोणी बोलायचे नाही. दुसऱ्यांदा बाकीच्या तिघांनी काय ऐकू आले ते मिनिट-सेकंदासह कागदावर लिहायचे. एका मुलाच्या गाण्याबद्दल मी 'आवाज छान, पण काहीतरी कमी वाटते' असे लिहिले, तेव्हा स्टुडिओ चालवणाऱ्या दादांनी तो कागद मला परत दिला आणि 'हे वाचून तो घरी जाऊन काय फिरवणार?' असे विचारले. पुन्हा ऐकून मी '१:१२, ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीतला स टोचतो' असे लिहिले. त्यावर मात्र पाच ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (टोचणारे स-श सौम्य करणारे साधन) लावून तिथल्या तिथे फरक ऐकता आला. दुसऱ्याच्या गाण्यावर इतके नेमके लिहायला लागेपर्यंत स्वतःच्या गाण्यातले असे स मला कधी ऐकूच आले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.

माझ्या गाण्यात डग्गा गायिकेवर चढतो आहे, असे तिघांनीही लिहिले. मी चक्रावलो, कारण घरी तो ऐकूच येत नाही म्हणून मीच वाढवला होता. दादांनी खोलीची मापे विचारली आणि खुर्ची कुठे असते ते कागदावर काढायला सांगितले. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा, म्हणजे खर्जातला, स्थिर तरंग उभा राहतो. त्याचा दाब भिंतींजवळ सर्वाधिक आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य असतो. खोली चौरस असल्यामुळे लांबीचा आणि रुंदीचा तरंग एकाच कंप्रतेवर येतो, आणि मी तर खुर्ची मोजून मधोमध ठेवली होती! खर्ज गायब होता तो माझ्या बसण्याच्या जागेतून; गाण्यात तो पुरेसा, किंबहुना जास्तच होता.

मी दोन आवृत्त्या नेल्या होत्या आणि दुसरी मला फार भारदस्त वाटत होती. दादांनी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणून कोणती कोणती हे न सांगता वाजवल्या, तेव्हा चौघांनीही, म्हणजे मीसुद्धा, पहिली निवडली. दुसरीत मी लिमिटर (आवाजाची शिखरे दाबून गाणे मोठे करू देणारे साधन) दाबून पातळी उणे ८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) नेली होती, एवढाच तो भारदस्तपणा. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी उणे १४ला आणून वाजवते, म्हणजे तिथे माझे गाणे सहा डेसिबलने खाली आले असते आणि लिमिटरने चेपलेला तबला तेवढा उरला असता.

तक्रारीही आहेत. ऐकण्याच्या खोलीतला एसी चांगलाच घुमतो, आणि शांत आलाप तपासताना तो बंद करण्याची विनंती आपल्यालाच करावी लागते. लेखी टिपणे दोन दिवसांत पाठवतो म्हणाले होते, ती दोनदा फोन केल्यावर नवव्या दिवशी आली. सुधारलेले गाणे पुन्हा ऐकवायचे तर पुन्हा पूर्ण आठशे रुपये घेतात, हे मला पटलेले नाही. आधीची टिपणे समोर असताना त्याला पंधरा मिनिटे पुरतात.

जाणाऱ्यांनी २४ बिटची वेव्ह फाइल (एमपी३सारखी दर्जा न घटवलेली) न्यावी, तीही मास्टरवरचा, म्हणजे शेवटी पूर्ण गाण्यावर लावलेला, लिमिटर काढलेली आणि लावलेली अशा दोन्ही रूपांत.

मी खुर्ची समोरच्या भिंतीकडे सरकवली आहे आणि डग्गा चार डेसिबलने उतरवला आहे. पेटी मागे घेण्याची सूचना मात्र मी मानलेली नाही. ती करतानाच दादांनी 'हा दोष नाही, माझी आवड आहे' असे स्वतःहून सांगितले होते, आणि हे गाणे मी पेटीसाठीच बांधले आहे.