मुठीत दांडी धरून 'फुल बॉडी स्कॅन': ५१,९९९ रुपये गेले, चक्कर आहे तशीच

सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत आरोग्य तपासणीचं शिबिर, मग "मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये जरा गडबड दिसतेय", मग पॅकेज. हे कसं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. माझे पैसे असे गेले: 'सविस्तर रिपोर्ट'चे ४९९, तीन महिन्यांच्या कॅप्सूल आणि पावडरींचे २८,५००, पायांतून विष काढायच्या दहा बैठकांचे ८,०००, आणि "आता मधेच सोडलंत तर उलटेल" असं घाबरवून घेतलेले 'बूस्टर'चे १५,०००. एकूण ५१,९९९. पावती मिळाली ती फक्त २८,५००ची, तीही कच्ची, जीएसटी नंबर नसलेली.

"एवढी शिकलेली बाई, फसली कशी?" असं मला घरातच ऐकवलं गेलं. वर्षाहून जास्त काळ भाजी चिरताना ओटा पायाखालच्या जमिनीसकट सरकल्यासारखा वाटतो. कानात शिट्टी, हातापायांना मुंग्या, जिना उतरताना कठडा सोडता येत नाही. एमआरआय नॉर्मल. थायरॉईड, साखर, बी-१२, ईसीजी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. अशा वेळी पांढरा कोट घातलेला एक माणूस स्क्रीनकडे बघून म्हणतो, "ताई, तुम्हाला त्रास होणारच, तोलाच्या नसेत टॉक्सिन साचलंय." मी तिथेच रडले. माझा त्रास खरा आहे असं म्हणणारा तो पहिला माणूस होता. त्रासाला नाव मिळालं. हे लोक तेच नाव विकतात, आणि ते कोणाला हवं असतं हे त्यांना बरोबर कळतं.

पण जे डोळ्यांसमोर घडलं ते अजून जळतं. धातूची दांडी मिनिटभर मुठीत धरायची, लॅपटॉपवर वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष एवढं टाइप करायचं. लॅपटॉपवर बसलेल्या मुलीने माझं वय ४३ ऐवजी ३४ टाकलं होतं. रिपोर्ट छापून झाल्यावर मी ते दाखवलं. तिने आकडा बदलला, एक बटण दाबलं आणि नवा रिपोर्ट आला. किडनीचा आकडा वेगळा, हाडांचा वेगळा. दांडी तेव्हा टेबलावर पडलेली होती. माझे दोन्ही हात पर्समध्ये होते, चष्मा शोधत होते. मग त्या यंत्राने मोजलं काय? नुसतं वय बदललं की मूत्रपिंड बदलतं? हे मी पाहिलं. पण डोकं गरगरत होतं, मागे रांग होती, आणि बरं वाटेल या आशेपुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

पायांच्या टबातलं पाणी तपकिरी होतं, तेही शरीरातलं विष नाही. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की त्या यंत्राची लोखंडी पट्टी गंजते, त्याचा तो रंग. माझ्या भाच्याने बादलीत मीठ, दोन खिळे आणि बॅटरी लावून करून दाखवलं. त्यात कोणाचेही पाय नव्हते.

मग तक्रार. पोलिसांनी विचारलं, पैसे स्वतःहून दिले ना? मग हा दिवाणी मामला. औषधांचं बघणाऱ्या कार्यालयाने बाटलीवर 'फूड सप्लिमेंट' लिहिलंय म्हणून दुसऱ्या विभागाकडे पाठवलं. तिथे सांगितलं, आधी नमुना द्या, तोही सीलबंद. बाटली उघडल्याशिवाय ती फसवी आहे हे रुग्णाला कळणार कसं? महापालिकेत म्हणाले, त्याने डॉक्टर म्हणून पाटी लावली होती का? डॉक्टरांच्या नोंदणीचं बघणाऱ्यांनी हात वर केले, कारण तो नोंदणीकृतच नाही. म्हणजे खरा डॉक्टर चुकला तर त्याला विचारणारं कोणी आहे, आणि जो डॉक्टरच नाही तो सगळ्यांच्या हातातून निसटतो! जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४चा आहे. बोगस डॉक्टरांसाठी महाराष्ट्रात १९६१चा कायदा आहे. तरी हे शिबीर मागच्या आठवड्यात पलीकडच्या सोसायटीत पुन्हा लागलं, तोच फलक, तीच दांडी. आमच्या सोसायटीच्या कमिटीने तर हॉलचं भाडं घेतलं आणि आता म्हणते, आमचा काय संबंध!

चक्कर येत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरत असेल तर कानातले सूक्ष्म खडे जागेवरून हललेले असू शकतात. पलंगावर झटकन आडवं करून, मान वळवून, डोळ्यांची हालचाल बघून ते तपासतात, आणि बऱ्याचदा मान ठरावीक पद्धतीने वळवूनच बरंही करतात. माझं ते निघालं नाही. अर्धशिशीशी जोडलेली चक्कर असावी असं आता डॉक्टरांना वाटतंय, खात्री नाही. पण "अजून सांगता येत नाही" असं तोंडावर म्हणणारा डॉक्टर मला चालतो.

चालू गोळ्या बंद करा असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. रोख देऊ नका. वय मुद्दाम चुकीचं सांगा आणि मग दुरुस्त करायला लावा, दांडी न धरता. पॅकेजचं बोलणं चक्कर ओसरल्यावर आणि घरच्या माणसाला बरोबर घेऊनच करा.

आणि पैसे गेले असतील तर बाटल्या, रिपोर्ट, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज यांतलं काही फेकू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार तिथे दाखल आहे. अशाच दांडीवाल्यांची पावती तुमच्याकडे असेल तर तुम्हीही करा. एकट्या बाईची फाइल बाजूला सारणं त्यांना फार सोपं जातं.