बर्डीत फुटबॉल शिवून मिळतो

हातशिलाईचा जुना फुटबॉल नागपुरात अजून दुरुस्त करून मिळतो, एवढं सांगायलाच हे लिहायला घेतलं. पण बॉल कुणाचा ते सांगितल्याशिवाय काम चांगलं झालं की वाईट हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून थोडं लांबेल.

आमच्या गणिताच्या सरांचा बॉल. सर गेल्या डिसेंबरात गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, वायरची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "तूच हवा भरायचीस ना याच्यात?" भरायचे खरी. 1994 साली आठवीत मी बॉलमंत्री होते. शाळेच्या मंत्रिमंडळात असं खातं नव्हतं, ते सरांनी माझ्यासाठी काढलं. मुलींनी खो-खो खेळायचा असा तेव्हा दंडक होता. तो मोडायला सरांना दोन वर्षं लागली, तोवर त्यांनी मला सायकलचा पंप दिला. सुई आधी ओली करायची, मगच व्हॉल्व्हमध्ये घालायची. कोरडी घातली तर ब्लॅडर, म्हणजे आतला रबरी फुगा, फाटू शकतो. हे मला त्रिकोणाच्या प्रमेयांच्या आधीपासून येतं.

तर त्या बॉलची अवस्था: कातडं सुपारीसारखं कडक, काळा-पांढरा रंग नावालाच, चार ठिकाणी शिवण उसवलेली, ब्लॅडर मेलेला. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी सरांच्या नावानं एक मॅच ठेवायचं ठरवलं होतं, तिथे टेबलावर हा ठेवावा असा बेत. आधी एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात नेला. तिथल्या मुलानं तो मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला. "मॅडम, टाकून द्या. साडेसहाशेत नवा येतो." त्याची चूक नाही, त्याच्याकडे शिवणारा माणूसच नाही. पण निदान नीट धरायचा.

मग मैत्रिणीनं बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, मोची काकांचं सांगितलं. मोदी नंबर दोन या रस्त्याच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी, काळ्या छत्रीखाली बसतात. पाटी नाही. समोर चपलांचा ढीग, मागे भिंतीला खिळ्यावर टांगलेले दोन फुटबॉल, हीच खूण. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळणार नाही. मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरा आणि चालत या.

काकांनी बॉल मांडीवर घेतला, अंगठ्यानं शिवणी दाबत दाबत एक फेरी मारली. "जालंधरचा माल हाय. चांगला व्हता." मग विचारलं, "खेळाचा हाय का ठेवाचा?"

"ठेवायचा."

"मंग शिवता काहून? घरीच भुसा भरून घ्या ना."

मला राग आला. पण राग येता येता हसूही आलं, कारण सर असते तर हेच म्हणाले असते, फक्त शेवटी 'बे' लावून. मी म्हटलं, बरं, खेळायचा. तेव्हा कुठे त्यांनी आरी हातात घेतली.

इथे थोडं कामाबद्दल. असा बॉल उलटा शिवतात. बत्तीस तुकडे आतून जोडत आणायचे, शेवटचं तोंड राहिलं की सगळं सुलटं करायचं, ब्लॅडर बसवायचा आणि ते शेवटचं तोंड बाहेरून असं बंद करायचं की टाका दिसू नये. दुरुस्तीतही तेच, फक्त उलट्या क्रमानं. दोऱ्याला मेण, दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी ओढायचं. काकांनी विचारलं, ब्लॅडर लॅटेक्सचा टाकू का ब्युटिलचा? लॅटेक्सचा छान उसळतो पण रोज हवा मागतो. ब्युटिलचा आठवडेच्या आठवडे टिकतो. मी लॅटेक्स सांगितला. रोज हवा भरायची सवय आहे मला.

बत्तीस तुकडे म्हटल्यावर आमचा पहिला तास आठवल्याशिवाय कसा राहील. सर वर्गात हाच बॉल घेऊन आले होते. बारा पंचकोन, वीस षटकोन. "सांगा, शिवणी किती?" अर्धा वर्ग बोटानं मोजायला लागला आणि तिसाव्या शिवणीला हरवला. मी बाराला पाचानं आणि विसाला सहानं गुणून 180 म्हणाले, मोठ्या तोऱ्यात. सरांनी बॉल माझ्या बाकावर ठेवला. "शिवण एकट्याची असते का बे? दोघांची असते." म्हणजे 90. कोपरे तीन-तीन तुकड्यांचे, म्हणून 180 ला तीनानं भागून 60. कुणी पायऱ्या न लिहिता थेट उत्तर टाकलं की वहीत लाल शेरा यायचा: 'गोल झाला, पास कुठे?'

सर राईट हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे खेळणारे. नोकरी शाळेची, फुटबॉल हौशीचा. क्लबकडून मिळायचं काय, तर जर्सी, बसभाडं आणि मॅचनंतर समोसा. चष्म्याला मागून पायजम्याची नाडी बांधून खेळायचे, त्यामुळे हेडर आला की मान बाजूला. कामठीत खेळायला गेले की यावरून फार ऐकून घ्यावं लागे. तिथल्या प्रेक्षकांना फुटबॉल कळतो, आणि टोमणे त्याहून बरे जमतात. सोमवारी सर लंगडत यायचे आणि खुर्चीवर बसून पायथागोरस शिकवायचे.

सरांचं दैवत होतं सय्यद अब्दुल रहीम. पेले वगैरे नंतर. रहीम साहेब हैदराबादचे शाळामास्तर, आणि त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, 1962 मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्ण घेऊन आला. 'शाळामास्तर' हा शब्द सर जरा जास्तच ठासून म्हणायचे. जकार्त्याची फायनल तर आम्हाला पाठ होती: दक्षिण कोरियावर 2-1, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंगचा. जर्नेल खरा बचावपटू, आधीच्या मॅचमध्ये डोकं फुटून टाके पडलेले, तरी रहीम साहेबांनी त्याला पुढे खेळवलं. हे सांगताना सर हटकून बॉलचीच उसवलेली शिवण घालत बसलेले असायचे.

त्यांनी घातलेली एक शिवण काकांना सापडली. मेणाचा दोरा नव्हे, परीक्षेत पुरवण्या बांधतो ना, तो पांढरा दोरा. काकांनी नखानं ओढून पाहिला. "हे कोणाचं काम हाय? टाका चुकीचा हाय." परत ओढला. "पण धरून हाय. उलगडू का?"

राहू द्या म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि बाकीच्या शिवणी घातल्या. या कामाला मी खरे मार्क देते ते इथे. दुसऱ्या कुणी सगळं एकसारखं करून, वर पॉलिश मारून हातात दिलं असतं.

आता तक्रारी. गुरुवारचा वायदा होता, बॉल मिळाला रविवारी, मॅचच्या दिवशी सकाळी सहाला, तोही काकांच्या घरून. तोपर्यंत माझा जीव टांगणीला. बिल मिळत नाही. दोरा काळा मागितला होता, तपकिरी निघाला. पैसे 450 झाले, ब्लॅडरचे 130 आणि शिलाईचे 320, यात मला काही जास्त वाटलं नाही. हवा भरताना काकांनी सुई आधी जिभेला लावली तेव्हा मी उरलेली घासाघीस सोडून दिली. जुनं कातडं आहे, हवा कमीच ठेवा, एवढं त्यांनी दोनदा बजावलं.

आणि एक दोष आहे तो लपवत नाही. सरांच्या शिवणीपाशी बॉलला किंचित फुगवटा आलाय, त्यामुळे तो सरळ जात नाही, डावीकडे जातो. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आठवीतल्या एका मुलीनं याच बॉलनं किक-ऑफ केला. बॉल निघाला समोरच्या खेळाडूकडे आणि पोचला टाइमकीपरच्या टेबलाखाली. मागून कुणीतरी ओरडलं, "सरांचाच पास आहे!" आणि काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग नवा बॉल घेऊन मॅच पुढे झाली. 3-3. जुन्या विद्यार्थ्यांचे गुडघे पाहता ही आमची जीतच.

पाचपैकी चार तारे. एक वायद्याचा कापला.

सरांचे बूट आता काकांकडे दिलेत. तळाचे चामड्याचे स्टड खिळ्यांसकट निखळलेत. काका दोनशे म्हणतात, मी दीडशे म्हटलंय.